अकराची अपॉइंटमेंट, आदल्या रात्रीची तयारी

‘डॉक्टर, ११ वाजता.’

फोनच्या कॅलेंडरात अपॉइंटमेंटची नोंद बहुधा एवढीच असते. लिहिताना ती पुरेशी वाटते, कारण त्या क्षणी बाकीचे सगळे डोक्यात ताजे असते: कोणते डॉक्टर, कोणासाठी, जुना दवाखाना की नवा, सोबत काय न्यायचे. तीन आठवड्यांनी सकाळी साडेदहाला फोन वाजतो तेव्हा यातले काही आठवत नाही. फाइल कपाटात कुठे आहे ते शोधावे लागते. रक्त द्यायला उपाशीपोटी बोलावले होते आणि आईची चहा-बिस्किटे होऊन गेलेली असतात. कॅलेंडर ठरल्या वेळी वाजले, तरी अपॉइंटमेंट फुकट गेली.

अकराची अपॉइंटमेंट आदल्या रात्रीच सुरू होते, कधी कधी आठवडाभर आधी. कॅलेंडरात वेळेसोबत ही सगळी तयारी उतरली पाहिजे, आणि ती आपल्याखेरीज दुसऱ्यालाही वाचता आली पाहिजे. हे प्रकरण या दोन गोष्टींबद्दल आहे. उदाहरणे मुख्यतः गूगल कॅलेंडरची घेतली आहेत, कारण अँड्रॉइड फोनवर ते सहज मिळते. आउटलुक किंवा अॅपलचे कॅलेंडर वापरणाऱ्यांना याच सोयी थोड्या वेगळ्या नावांनी सापडतील.

शीर्षकापासून सुरुवात करू. कुलूप लावलेल्या फोनच्या पडद्यावर नोंदीचे पहिले काही शब्दच दिसतात. म्हणून कोणाचे आणि काय, हे आधी यावे: ‘आई – डोळे तपासणी’. डॉक्टरांचे नाव त्यानंतर. ठिकाणाच्या रकान्यात नकाशावर सापडेल असा पत्ता घालावा. इमारतीत शिरल्यावर लागणारी माहिती, म्हणजे तिसरा मजला, लिफ्ट मागच्या बाजूला, ही खाली वर्णनात लिहावी. ती पत्त्यात मिसळली तर नकाशा गोंधळतो. दवाखान्याचा फोन नंबरही वर्णनातच लिहावा. रिक्षात बसून उशीर होत असताना जुन्या मेसेजांत तो शोधण्यासारखा मनस्ताप नाही.

वर्णनाचा हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि खरी मदत तर तिथेच असते. डोळ्यांच्या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर पुढे काही तास धूसर दिसते, म्हणून ‘स्कूटर नको, रिक्षाने जाणे, काळा चष्मा बरोबर’. उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर ‘किमान आठ तास काही खायचे नाही, पाणी चालेल, रात्रीचे जेवण लवकर’. पासपोर्टच्या अपॉइंटमेंटला ‘मूळ कागदपत्रे, नुसती झेरॉक्स नव्हे, आणि अर्जाचा क्रमांक’. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही इथेच, सुचतील तसे, लिहीत जावे. रात्री दोनला जाग आल्यावर आठवलेला प्रश्न सकाळी आठवत नाही, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर तर अजिबात नाही.

नोंद पुरी झाली की नाही हे ताडण्याची एक कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. समजा, त्या दिवशी तुम्हाला अचानक बाहेरगावी जावे लागले आणि आईला घेऊन तुमची बहीण जाणार आहे. तिला एकही फोन न करता, फक्त ती नोंद वाचून सगळे निभावता येईल का? नसेल, तर जे ती फोन करून विचारेल तेच लिहायचे राहिले आहे.

दोन घंटा

एका नोंदीला गूगल कॅलेंडरात पाचपर्यंत सूचना लावता येतात. पाचही लावू नयेत. वारंवार वाजणारा फोन आपण न बघताच गप्प करायला शिकतो आणि मग खरी सूचनाही त्याच झटक्यात पुसली जाते. बहुतेक अपॉइंटमेंटांना दोन सूचना पुरतात: एक तयारीची, एक निघण्याची. तयारीची घंटा अशा वेळी वाजावी की तेव्हा तयारी करणे खरोखर शक्य असेल. सकाळी उपाशी राहायचे असेल तर ती आदल्या संध्याकाळी जेवणाआधी हवी. दुपारी ऑफिसात बसलेले असताना ‘घरातली फाइल काढून ठेव’ असे कळून काही उपयोग नाही. निघण्याची सूचना भेटीच्या वेळेवरून ठरवू नये, दाराबाहेर पाऊल टाकण्याच्या वेळेवरून ठरवावी.

यामागे मनाच्या चालीचा भाग आहे. पुढे करायची गोष्ट वेळेवर आठवणे ही स्मृतीची वेगळी शाखा मानली जाते, आणि मानसशास्त्रज्ञ गाइल्स आइनस्टाइन व मार्क मॅक्डॅनियल यांनी १९९० मध्ये तिच्यातले दोन प्रकार वेगळे काढले. ‘काका भेटले की निरोप सांगायचा’ हा एक प्रकार. काका दिसले की निरोप आठवतो. ‘साडेचारला फोन करायचा’ हा दुसरा. साडेचार वाजतात तेव्हा आजूबाजूला काहीच बदलत नाही, काही दिसत नाही, कोणी येत नाही. आठवण आतूनच यावी लागते, म्हणून हा प्रकार अवघड. कॅलेंडरची घंटा बाहेरून ती खूण पुरवते. पण घंटा वाजली तेव्हा आपण काही करू शकत नसू, तर खूण वाया जाते आणि काम पुन्हा आपल्याच आठवणीवर येऊन पडते.

सूचनेला एक मर्यादाही आहे, ती माहीत नसल्याने फसगत होते. गूगल कॅलेंडरात सूचना जास्तीत जास्त चार आठवडे आधीची लावता येते. त्याहून लांबच्या तयारीसाठी स्वतंत्र नोंदच करावी लागते. कोकणातले उदाहरण घ्या. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी १२ तारखेला मुंबईहून गाडी धरायची असेल, तर रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडते, म्हणजे १४ जुलैला, मंगळवारी सकाळी आठला. प्रवासाच्या नोंदीवर कितीही सूचना लावल्या तरी १४ जुलैला त्यातली एकही वाजणार नाही. म्हणून ‘गणपती आरक्षण, सकाळी ८’ अशी वेगळी नोंद हवी, तिच्या वर्णनात सगळ्या प्रवाशांची नावे, वये आणि गाडी क्रमांक. परतीच्या गाडीचे आरक्षण वेगळ्या दिवशी उघडते, त्याची तिसरी नोंद. गणपतीला गावी न जाता येणे काय असते हे कोकणी माणसाला सांगायला नको. दोन ओळींच्या नोंदीने ते टळत असेल तर त्या ओळी जानेवारीतच लिहाव्यात.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यापर्यंत या सूचना पोचत नाहीत. गूगल कॅलेंडर पूर्वी एसएमएसनेही आठवण पाठवायचे, ते जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. अशा आईवडिलांसाठी आपल्याच कॅलेंडरात ‘बाबांना फोन: उद्या सकाळी उपाशी’ अशी आदल्या संध्याकाळची नोंद करावी. आठवण माणसाच्या आवाजात आली तर त्यांनाही बरे वाटते.

जाण्यायेण्याचा वेळ

अकराची अपॉइंटमेंट कॅलेंडरात अकरा ते साडेअकरा अशी रंगवली की साडेदहाची चौकट मोकळी दिसते, आणि ऑफिसातला सहकारी तिथे मीटिंग टाकून मोकळा होतो. त्याचा काही दोष नाही. त्याला दिसली ती जागा रिकामीच होती. प्रवासाचा वेळ वेगळी नोंद करून अडवला पाहिजे, जाण्याचा आणि येण्याचाही. अॅपलच्या कॅलेंडरात नोंदीतच प्रवासाच्या वेळेचा रकाना असतो. गूगलवर ‘जाणे’ आणि ‘परत’ अशा दोन छोट्या नोंदी हाताने कराव्या लागतात.

किती वेळ धरायचा, यात आपण सगळेच फसतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले: काम किती वेळात होईल हे ठरवताना माणूस समोरची योजना बघतो, मागचा अनुभव बघत नाही. रॉजर ब्यूहलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील असे विचारले. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५.५. कोथरूडहून हिंजवडीला जाणारा माणूस रोज सकाळी हीच चूक लहान प्रमाणात करतो. नकाशा या क्षणी पन्नास मिनिटे सांगतो ते खरे असते, पण या क्षणापुरतेच. मागच्या खेपेला किती लागली होती, तो आकडा धरावा. आणि तो पुढच्या वेळी हाताशी असावा म्हणून परत आल्यावर नोंदीतल्या वेळा खऱ्याप्रमाणे दुरुस्त कराव्यात.

एकामागोमाग मीटिंगा असणाऱ्यांसाठी गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची करण्याची सोय आहे. ती चालू करावी. पाणी प्यायला, मागचे टिपून ठेवायला तेवढी फट लागतेच.

सांगली आणि न्यू जर्सी

परदेशी असलेल्या मुलांशी ठरलेला साप्ताहिक कॉल हे आज हजारो मराठी घरांतले सगळ्यात जपलेले वेळापत्रक आहे. ते वर्षातून दोनदा बिघडते. भारतात घड्याळ वर्षभर एकच असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. ब्रिटन आणि युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. म्हणजे २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्चला बदलते आणि ब्रिटन २९ मार्चला. मधल्या तीन आठवड्यांत न्यू जर्सीचा भाऊ, लंडनची बहीण आणि सांगलीतली आई यांचे नेहमीचे गणित जुळतच नाही.

आकड्यांत सांगायचे तर न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. कॉलची नोंद मुलाने तिकडच्या सकाळी साडेनऊची केली असेल, तर आईचा फोन हिवाळ्यात रात्री आठला वाजेल आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सातला. हीच नोंद आईकडून भारतीय वेळेची रात्री आठची केली, तर आईचे आठ वर्षभर आठच राहतील आणि मुलाकडे साडेनऊचे उन्हाळ्यात साडेदहा होतील. पुन्हा पुन्हा येणारी नोंद कोणत्या ठिकाणच्या वेळेला बांधली आहे, यावर कोणाच्या घरी वेळ हलणार हे ठरते. माझे मत स्पष्ट आहे: ज्याची दिनचर्या हलली तर त्रास होतो, त्याच्या घड्याळाला नोंद बांधावी. आईच्या जेवणाची, औषधांची, झोपेची वेळ ठरलेली असते. तरुण माणसाने तासभर सरकावे.

गूगल कॅलेंडरात नोंद करताना वेळेशेजारी वेळक्षेत्राचा पर्याय असतो. तिथे देश किंवा शहर निवडता येते. संगणकांच्या जागतिक यादीत भारताची वेळ ‘आशिया/कोलकाता’ नावाने आहे, मुंबई किंवा दिल्ली तिथे शोधू नये. मेसेजवर वेळ ठरवताना ‘आयएसटी’ एवढेच लिहू नये, कारण आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तीच अक्षरे लावतात. ‘भारतात रात्री ८, तुझ्याकडे सकाळी ९.३०’ असे दोन्ही लिहिले की चूक लगेच दिसते. याहून बरे म्हणजे कॅलेंडरातूनच निमंत्रण पाठवणे. मग प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते आणि कोणालाच वजाबाकी करावी लागत नाही.

विमानाचे तिकीट नोंदवताना सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहराच्या वेळक्षेत्रात आणि पोचण्याची पोचण्याच्या शहराच्या वेळक्षेत्रात घालावी. सुरुवात आणि शेवट यांना वेगवेगळी क्षेत्रे देता येतात. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, तिथे आणखी जपावे लागते. तिकिटावर रविवारची रात्री १२.४० ही वेळ असेल, तर घरातून निघायचे ते शनिवारी संध्याकाळी. अशा वेळी ‘शनिवारी संध्याकाळी ७, विमानतळाकडे निघणे’ ही नोंद आधी करावी, विमानाची नंतर.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा

वेगवेगळ्या कंपन्यांची कॅलेंडरे एकमेकांची निमंत्रणे वाचू शकतात, कारण त्यांच्यामागे आयकॅलेंडर नावाचे एक समान मानक आहे. ते १९९८ मध्ये ठरले आणि २००९ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाले. तारखा कशा पुनरावृत्त करायच्या याची व्याकरणासारखी काटेकोर रचना त्यात आहे. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ त्यात बसतो, तेव्हा बँकेच्या सुट्ट्या एकदाच नोंदवून ठेवता येतात. ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ हेही बसते, पण ज्या महिन्यात ३१ तारीखच नाही तो महिना सरळ वगळला जातो. वर्षातून सातच वेळा आठवण येईल. भाडे, हप्ता, पाणीपट्टी यांसाठी म्हणून २८ तारखेच्या आतली तारीख धरावी. २९ फेब्रुवारीच्या वाढदिवसाचेही तसेच होते. वार्षिक नोंद मधली तीन वर्षे गप्प बसते. तो २८ ला नोंदवावा.

आपल्या घरांतल्या निम्म्या तारखा मात्र या रचनेत बसतच नाहीत. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून साधारण ११ दिवसांनी लहान. ती तूट अधिक महिना भरून काढतो. म्हणून गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि अधिक ज्येष्ठ येत असल्याने २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. ‘दरवर्षी याच तारखेला’ असा पर्याय दाबून आजोबांच्या श्राद्धाची तिथी लावली, तर पुढच्या वर्षी कॅलेंडर चुकीच्या दिवशी आठवण देईल आणि खरी तिथी निघून जाईल. संकष्टी, एकादशी, तिथीने होणारे वाढदिवस, घरातले कुळाचार या सगळ्यांचे हेच.

उपाय कष्टाचा आहे, पण वर्षातून एकदाच करावा लागतो. नवे पंचांग किंवा नवे कालनिर्णय घरात आले की एका बैठकीत वर्षभराच्या घरच्या तिथी हाताने भराव्यात. त्यासाठी ‘तिथी’ नावाचे वेगळे कॅलेंडर उघडावे आणि त्याला स्वतःचा रंग द्यावा, म्हणजे ते हवे तेव्हा झाकता येते आणि भावंडांना जसेच्या तसे देता येते. पुनरावृत्तीचा पर्याय या नोंदींना लावूच नये. हे काम घरातल्या ज्येष्ठांसोबत बसून करावे, असे मला मनापासून वाटते. कोणाची तिथी कोणती आणि त्या दिवशी काय करतात हे पुष्कळ घरांत एकाच माणसाला ठाऊक असते, आणि वर्णनाच्या रकान्यात त्याला भरपूर जागा आहे.

पुनरावृत्त नोंद बदलताना कॅलेंडर तीन पर्याय देते: फक्त ही, ही आणि पुढच्या, किंवा सगळ्या. घाईत ‘सगळ्या’ दाबले तर झालेल्या भेटींच्या वेळाही बदलतात. फिजिओथेरपीची वेळ आजपासून बदलली असेल तर दुसरा पर्याय घ्यावा.

दुसऱ्यांना दाखवताना

कुटुंबाचे एक सामायिक कॅलेंडर असावे आणि त्यात फक्त अशा गोष्टी असाव्यात ज्यांत एकाहून अधिक माणसे गुंतली आहेत. सगळ्यांचे सगळे त्यात ओतले तर कोणी उघडून बघत नाही. गूगलवर इतरांना फक्त ‘व्यस्त की मोकळे’ एवढे दाखवायचे, तपशील दाखवायचा, की बदलही करू द्यायचा, हे माणसागणिक ठरवता येते. ऑफिसच्या खात्यावर आजारपणाच्या अपॉइंटमेंटा लिहू नयेत. लिहाव्याच लागल्या तर नोंद खासगी ठेवून शीर्षकात ‘बाहेर’ एवढेच घालावे, बाकीचे स्वतःच्या खात्यावर. दिवसभराची रजा नोंदवताना एक तपासावे: पूर्ण दिवसाच्या नोंदी गूगल आणि आउटलुक दोन्हींत आपसूक ‘मोकळे’ अशाच दिसतात. ते बदलून ‘व्यस्त’ केले नाही, तर रजेच्या दिवशी लोक मीटिंगा टाकत राहतात.

अनोळखी पत्त्यांवरून बक्षिसांची आणि गुंतवणुकीची निमंत्रणे थेट कॅलेंडरात येऊन बसत असतील, तर सेटिंगमध्ये ‘पाठवणारा ओळखीचा असेल तरच’ हा पर्याय निवडावा. अशा निमंत्रणातला दुवा उघडू नये, नकारही पाठवू नये. नकारामुळे पत्ता चालू आहे एवढे त्यांना कळते.

खऱ्या निमंत्रणाला मात्र उत्तर द्यावेच, होय किंवा नाही. ‘कदाचित’ म्हणून आठवडाभर लटकवलेल्या वेळेत समोरचा माणूस दुसऱ्या कोणाला भेटू शकत नाही. येणे जमणार नसेल तर कळल्याबरोबर रद्द करावे, आणि दवाखान्याला फोन करून सांगावे. सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञाची ती जागा कोणीतरी दोन महिन्यांपासून शोधत असतो.

भेट संपल्यावर नोंद पुसू नये. डॉक्टर काय म्हणाले, कोणती गोळी बदलली, रक्तदाब किती निघाला, हे दोन ओळींत त्याच नोंदीखाली लिहावे. सहा महिन्यांनी नवे डॉक्टर ‘हे औषध कधीपासून?’ असे विचारतात, तेव्हा कॅलेंडरात औषधाचे नाव शोधले की तारीख मिळते. आणि पुढची तारीख घ्यायची ती काउंटरपाशी उभे असतानाच: कार्डावर जे लिहून मिळाले ते फोनमध्ये घालावे, निघण्याची वेळ आणि तयारीची घंटा लावावी, बहिणीला निमंत्रण पाठवावे, मग औषधांच्या रांगेकडे वळावे.